ताईचा वेग

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. भावोजी दर वेळी सांगतात की तू आंघोळीला गेलीयेस. एवढ्या आंघोळी तर तू उन्हाळ्याच्या सुट्टीतही कधी केल्या नाहीस. त्यांना खोटं बोलता येत नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा त्या बिचाऱ्यांना आता या कामातून मोकळं कर. पत्र मात्र तू वाचशील. आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, मग चष्मा शोधशील, आणि एकदा सुरू केलंस की पूर्ण वाचशील. अर्धवट टाकायची सवय तुझी नाही, माझी आहे.

आधी बातम्या सांगते, म्हणजे तू कागद खाली ठेवणार नाहीस. आपल्या बँडच्या, 'नादुरुस्त'च्या, नव्या अल्बमचं काम चालू आहे. स्टुडिओ तोच, छापखान्याच्या वरचा, जिथे तू येऊन गेलीस. जिन्यात तसाच शाईचा वास येतो, आणि खालचं यंत्र सुरू झालं की फरशी थरथरते, म्हणून आम्ही छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग उरकतो. भिंतींना फोम लावलाय. मी बोटाने दाबून बघितला आणि रेकॉर्डिस्टला सांगितलं की हा दोन वर्षांत बसणार. सोफे शिवण्यात जन्म गेला माझा, फोम दिसला की हात आपोआप जातो. भोंगाला डॉक्टरांनी ओरडायची बंदी केलीये, म्हणून ती आता डॉक्टरांना न सांगता ओरडते. काडी आता काडी राहिलेली नाही, पण गिटार गळ्यात अडकवली की तोच जुना माज. आणि खांब अजून तशीच, बास घेऊन भिंतीला टेकलेली. दिवसभरात दोन वाक्यं बोलली तर आम्ही एकमेकींकडे बघतो. गाणी मात्र झक्क झालीत. एकाचं नाव 'गुडघे', एकाचं 'चष्मा कुठाय'. विशीत आम्हाला सगळ्या जगाचा राग यायचा, आता जिन्यांचा येतो. भोंगा म्हणते, राग तो राग, त्यात भेदभाव कशाला.

आणि ड्रमवर मी आहे. म्हणजे होते. त्यावर नंतर येते.

ताई, मी तुझ्यावर जळते. इतक्या वर्षांत तोंडाने कधी म्हटलं नाही, पण तुला माहीतच नव्हतं असं सोंग आणू नकोस. तुझे फ्रॉक मला आले, तुझी सायकल मला आली, तुझी पुस्तकं मला आली आणि त्यात तुझ्या सुंदर अक्षरात उत्तरंसुद्धा आधीच लिहिलेली. शाळेत बाई हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबायच्या आणि विचारायच्या, अगं, तू तिची बहीण का? मग वर्षभर माझ्याकडे अशा बघायच्या, जणू दुकानातून भलतीच वस्तू घरी आलीये. आईचं तर विचारूच नकोस. मी काही करून दाखवलं की ती छान म्हणायची आणि त्याच दमात सांगायची की ताईने हे चौथीतच केलं होतं. तिच्या मनात काही नसायचं गं. म्हणूनच जास्त लागायचं.

ड्रमचंही तेच. आपल्या इमारतीची लिफ्ट महिनोन् महिने बंद होती आणि भोंगाने तिच्यावरची 'नादुरुस्त' ही पाटी काढून कॉलेजच्या कार्यक्रमात गळ्यात अडकवली, तेव्हा मी शाळेत होते. माझं काम काय, तर झांजेचा स्टँड उचलून पाचव्या मजल्यावरून खाली आणायचा आणि कार्यक्रम झाला की परत वर न्यायचा. तू पुढे, रिकाम्या हातांनी, केस विस्कटलेले, घामाने चिंब, आणि जिन्यात भेटेल तो तुझ्याकडे बघतोय. मागे मी, स्टँड घेऊन. डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी एवढ्या जोरात ड्रम बडवते याचं लोकांना कोण कौतुक! मी वर्गात बाक वाजवला तर मात्र मला वर्गाबाहेर काढायचे.

मग ती कॅसेट. टपालाने शिकवणारी ती संस्था होती ना, जिथे प्राध्यापकांची व्याख्यानं टेपवर घ्यायचे, तिथल्या माणसाला पटवून भोंगाने एक दुपार मिळवली. माईक पंख्याला बांधून खाली लोंबकळत सोडला होता. तुम्ही सगळी गाणी एका दमात वाजवलीत, तिथल्या तिथे ऐकलीत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्यात, आणि पुढच्याच आठवड्यात तू दातांचं पुढचं शिक्षण घ्यायला परगावी गेलीस. कॅसेट निघाली तेव्हा तू नव्हतीस. आम्ही ती काडीच्या घरी लावली, आणि ताई, आम्ही थक्क झालो. काय तो वेग! काडी स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. भोंगा म्हणाली, बाई गं, आपण एवढ्या भन्नाट आहोत हे आपल्याला माहीतच नव्हतं. आणि ते सगळं श्रेय अर्थात तुझं. ड्रम धावले म्हणून बाकीच्या धावल्या, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर तुझं ड्रममागचं स्टूल मला आलं. फ्रॉकसारखंच.

मी काय केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. सोफ्यांच्या दुकानात कामाला होते, तिथे नवीन शिवलेल्या गाद्या भिंतीशी रचायची, टेप लावायची आणि त्या कॅसेटबरोबर वाजवायची. रोज. पहिलं कडवं जेमतेम जमायचं, दुसऱ्यात तू मला मागे टाकायचीस आणि तिसऱ्यात तर नुसती धूळ. मनगटं सुजली की गरम पाण्यात बुडवायची आणि पुन्हा बसायची. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचं, गाद्या किती टिकाऊ आहेत ते तपासतेय. एकीने तेवढ्यावर दोन सोफे घेतले. मनात एकच होतं, ही तिथे कुणाच्या तरी दाढा उपटत बसलीये आणि तरी माझ्या पुढे पळतेय. तळपायाची आग मस्तकात जायची. पण एक दिवस असा आला की कॅसेट संपली आणि माझे हात तिच्याबरोबरच थांबले. ना मागे, ना पुढे. मी एकटीच गाद्यांच्या ढिगात बसून हसत होते.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. दहा-बारा वर्षं मी त्या वेगाने वाजवलं, ताई. लहान-मोठे हॉल, कॉलेजांची मैदानं, एकदा तर गोदामाच्या उद्घाटनात, जिथे मालकाला वाटलं होतं की आपण भावगीतं म्हणणार आहोत. प्रत्येक ठिकाणी कार्यक्रम झाला की कुणीतरी येऊन हात मिळवायचं आणि म्हणायचं, छान वाजवता हो, पण ती पहिली होती ना, तिची गोष्टच वेगळी. कुठे ऐकलंत तिला, असं विचारलं की म्हणायचे, कॅसेटवर. मी दात दाखवून हसायचे. मनात म्हणायचे, अहो, तेवढंच वाजवलं मी आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत. पण ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं कसं? सांगितलं असतं तर म्हणाले असते, बहिणीवर जळते. आणि ते खरंच होतं!

पुढे खांबच्या आईचं आजारपण आलं, काडीला नोकरीत बढती मिळाली, भोंगाने शिकवण्या सुरू केल्या आणि बँड आपोआप विरून गेला. भांडण नाही, निरोप नाही. मी गाद्या शिवत राहिले. मग मध्यंतरी कुठल्याशा कंपनीने ती जुनी कॅसेट शोधून पुन्हा बाजारात आणली आणि नातवंडं शोभतील अशा वयाची मुलं ती ऐकून वेडी झाली. या बायका होत्या तरी कोण, म्हणून विचारायला लागली. कंपनीने भोंगाला गाठलं, नवीन अल्बम कराल का विचारलं, आणि भोंगाने मला फोन केला. मी सोफ्याला खिळे ठोकत होते. तिचा आवाज ऐकला आणि सांगते तुला, हातोडी बाजूला टाकून मी फोन दोन्ही हातांनी धरला. तिने इकडचं तिकडचं विचारलं, गुडघे विचारले, मग म्हणाली, ताईचा नंबर दे की. कंपनीला ती पहिलीच हवीये.

मी दिला. आकडा न आकडा नीट सांगितला, वर दोनदा वाचून खात्री करून घेतली. फोन ठेवला आणि त्या सोफ्यात इतके खिळे ठोकले की गिऱ्हाइकाने नंतर विचारलं, हा जन्मभर टिकवायचा विचार आहे का?

तरी तू पहिल्यांदा स्टुडिओत येणार होतीस त्या रविवारी मी आले, कारण तुला ड्रम लावून द्यायला कुणीतरी हवं होतं. म्हणजे पुन्हा मी आणि स्टँड. तू आलीस ती चांगले बूट घालून, काठ्या मऊ कापडात गुंडाळून. तुझी ती शिस्त बघून भोंगाला हसू आवरेना. मला म्हणालीस, किती दिवस उशांवर सराव करतेय, ह्यांची झोप उडालीये. मग तू बसलीस. पहिलंच गाणं, 'लिफ्ट बंद आहे'. तू ते तुझ्या मनाने वाजवलंस, भारदस्त, ठाम, प्रत्येक ठोका जागच्या जागी. मी कोपऱ्यात उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला, हे मी तेव्हा मेले तरी बोलले नसते. पण भोंगाने हात वर केला. म्हणाली, अगं, फार हळू होतंय, थांब, आपली ती जुनी कॅसेट लावू, म्हणजे वेग पकडता येईल.

आणि मग ते सुरू झालं. स्पीकरमधून तरुण तू, स्टूलवर आत्ताची तू. एकदा मागे पडलीस, हसलीस. दुसऱ्यांदा मागे पडलीस, हसली नाहीस. तिसऱ्यांदा तुझी काठी हातातून सुटून झांजेवर पडली, आणि तू ती उचलायला वाकलीस ती बराच वेळ वर आलीच नाहीस. वर आलीस तेव्हा तोंड लाल झालं होतं. म्हणालीस, माझे हात गेले गं, मी म्हातारी झाले. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, छोटे, तू बस. काठ्या कापडात गुंडाळल्यास, बॅग घेतलीस आणि गेलीस. मी बसले. भोंगाने पुन्हा तीच कॅसेट लावली आणि मी तिच्या बरोबरीने वाजवलं, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत.

मला आनंद झाला, ताई. खोटं कशाला बोलू? तू उठून गेलीस म्हणून वाईट वाटायला हवं होतं, आणि तेही वाटत होतं, पण ते कुठेतरी खाली, तळाशी. वर सगळा नुसता आनंद. घरी जाताना मी रस्त्यात एकटीच गाणं म्हणत होते. ती हरली, मी जिंकले. साठीला आलेली बाई, आणि मनात हेच. फोनवर मला बोलूही न देणारी तू फोनच उचलेनाशी झालीस, तेव्हा कुठे मला जरा टोचायला लागलं.

आता पुढचं नीट वाच, चष्मा पुसून वाच. गेल्या आठवड्यात कंपनीने त्या संस्थेतल्या दुपारची मूळ टेप स्टुडिओत पाठवली. रेकॉर्डिस्टला तिच्यातले जुने आवाज काढून नव्या अल्बमच्या सुरुवातीला टाकायचे होते. कॅसेटवर नव्हतं असं पुष्कळ काही होतं तिच्यात. खुर्च्या सरकवल्याचे आवाज, खोकले, काडीच्या शिव्या. आणि एका गाण्याच्या आधी कुणीतरी एक, दोन, तीन, चार मोजत होतं, चिमणीसारख्या किनऱ्या आवाजात. भोंगा हसून लोटपोट. म्हणाली, हे कार्टं कुणी आणलं होतं? काडी म्हणाली, ही छोटी असणार, शाळेतली. मी म्हटलं, मी त्या दिवशी नव्हतेच, माझी परीक्षा होती. खोलीत तुम्ही चौघीच होतात आणि ड्रमवाली सोडून मोजणार कोण? तो तुझा आवाज होता.

पण तुझा आवाज कसा? ताई, तुला लहानपणापासून घोगरा आवाज. फोन उचललास की समोरचा बाबांशीच बोलतोय असं समजून बोलायचा. दवाखान्यात नवीन पेशंट अजून तुला फोनवर डॉक्टरसाहेब म्हणतात. एका खोलीत झोपलो आपण सोळा-सतरा वर्षं, अंधारात तुझं बोलणं ऐकत झोपायची मी. जगात दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला तुझा आवाज माहीत आहे. मी रेकॉर्डिस्टला म्हटलं, ही टेप हळू कर. तो म्हणाला, किती? मी म्हटलं, मी सांगेपर्यंत. तो खाली खाली आणत गेला आणि मी डोळे मिटून बसले. चिमणीची मुलगी झाली, मुलीची बाई झाली, आणि मग एका ठिकाणी तू बोललीस. एक, दोन, तीन, चार. अगदी तू. मी म्हटलं, बस, इथे. आणि तिथून गाणं सुरू झालं.

ताई, ते गाणं हळू होतं. भारदस्त, ठाम, प्रत्येक ठोका जागच्या जागी. त्या संस्थेच्या यंत्राचा पट्टा ढिला असणार, रेकॉर्डिस्ट म्हणाला. टेप हळू फिरत होती, म्हणून तिथे ऐकताना सगळं बरोबर वाटलं, आणि कॅसेट मात्र दुसऱ्या, धड चालणाऱ्या यंत्रावर निघाली, तिथे सगळं पळायला लागलं. भोंगाचं ओरडणं कुठल्याही वेगात ओरडणंच, गिटारी तर तुम्ही एकमेकींच्या कानाने लावलेल्या, कुणाला कळणार? एवढी वर्षं आम्ही एका ढिल्या पट्ट्याला तुझं नाव दिलं होतं. मग रेकॉर्डिस्टने त्या रविवारचं रेकॉर्डिंग काढलं. तू आलीस तेव्हापासून तो सगळं टिपत होता. भोंगाने हात वर करून थांबवलं होतं ते, तुझं पहिलं. ते त्याने या टेपच्या जोडीला लावलं. दोन्ही बरोबर चालली. सरळ, हातात हात घालून. तुझे हात गेलेले नाहीत, ताई. इतक्या वर्षांनी, उशा बडवून आलेल्या तुझ्या हातांना खरा वेग आठवत होता. चूक आमची होती, आणि रडत गेलीस तू.

भोंगा ते ऐकून रडली. खांब भिंतीपासून दूर झाली, यावरून काय ते समज. काडी म्हणाली, आपण अशा होतो तर! पळणाऱ्या नव्हतोच, रणगाडा होतो. तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी ड्रमपाशी बसून होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की त्या वेगाने जर तू वाजवलंच नव्हतंस, तर मग वाजवलं कुणी? मी, ताई. एक मी. नसलेल्या बाईला गाठायला मी इतकी धावले की तिच्यापर्यंत पोचलेसुद्धा. ज्या पहिलीची गोष्टच वेगळी होती, ती पहिली मी होते. मी हे त्या तिघींना मोठ्याने सांगितलं. काडी म्हणाली, हो की गं, खरंच, आणि चहाचं सांगायला खाली गेली.

आता नवीन अल्बम त्या खऱ्या वेगाने करायचं ठरलंय. तीच आपली चाल, भोंगा म्हणते, आणि या वयात पळायचं कशाला? बरोबर आहे तिचं. मी ऐकलंय ना ते, मलाही पटतं. फक्त मला ते वाजवता येत नाही. तीन दिवस प्रयत्न केला. हात पुढे पळतात गं. 'गुडघे' हळू सुरू करते, आणि पहिलं कडवं संपेस्तोवर मी गाण्याच्या पुढे चार पावलं गेलेली असते आणि बाकीच्या धापा टाकत मागे. धरून ठेवलं तर ठोके कोरडे पडतात, त्यात जीवच राहत नाही. सगळा वेळ वेगाच्या मागे लागले, आणि हळू वाजवायला शिकायचं राहूनच गेलं. काल तिसऱ्या प्रयत्नानंतर काडी उगाच गिटारच्या तारा पिळत बसली. मग खांब बोलली. म्हणाली, हे ताईचं आहे. तीन शब्द. तिच्यावर चिडताही येत नाही, ती उगाच बोलत नाही.

म्हणजे बघ, आधी तू वेगवान म्हणून मी जळले आणि आता तू संथ म्हणून जळतेय. तुला कुठल्याही बाजूने धरलं तरी चटका मलाच. भोंगा लगेच तुला फोन करणार होती. मी म्हटलं, थांब, ती उचलणार नाही, मी कळवते. रात्रभर मनात येत होतं, दोन दिवस जाऊ द्यायचे आणि त्यांना सांगायचं की विचारलं, पण नको म्हणाली. सगळ्यांना पटलं असतं. तुझे हात गेले असं तूच सगळ्यांदेखत बोलून गेली होतीस. त्यांनी मग नाइलाजाने माझ्याच वेगाने अल्बम केला असता आणि स्टूल माझ्याकडे राहिलं असतं. तू तिकडे काठ्या कपाटात टाकून उरलेले दिवस आपण म्हाताऱ्या झालो असं समजत काढले असतेस. हे सगळं मी विचार करून बघितलं आणि मला ते आवडलंही. पण मग ते किनऱ्या आवाजाचं मोजणं कानात यायला लागलं, आणि मला झोप लागेना.

तेव्हा सोमवारी ये. येतेसच. तुझं स्टूल तुला परत, मी तुला सगळं लावून देईन, आणि मी जळेन, त्याचा विचार करू नकोस, माझी मी बघून घेईन. पण हे पत्र मी तेवढ्यासाठी लिहिलेलं नाही, तेवढं भावोजींकडे निरोप ठेवूनही झालं असतं. त्या रविवारी तू बॅग उचलून गेलीस असं सगळ्यांना वाटलं. मला माहीत आहे, तू गेली नव्हतीस. रेकॉर्डिस्टच्या काचेत जिना दिसतो. तू वरच्या पायरीवर कठडा धरून उभी होतीस आणि मी स्टूलवर बसताना तुला बघितलं. म्हणून तर मी ते गाणं तसं वाजवलं. भोंगासाठी नाही आणि कंपनीसाठीही नाही. शेवटचा ठोका पडेपर्यंत तू हलली नाहीस, आणि मग वळून खाली उतरलीस. जगात त्या वेगाशी झुंजलेल्या आपण दोघीच आहोत, ताई, तू एक दुपार आणि मी सगळं आयुष्य. ते किती अवघड आहे हे दुसऱ्या कुणाला कळणारच नाही, म्हणून त्यांनी छान म्हटलेलं माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. सोमवारी आलीस की काठ्या हातात घेण्याआधी मला जरा बाजूला घे आणि मी कशी वाजवत होते ते सांग. मला ते फक्त तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझीच, जळकी पण तुझीच,
छोटी